हरेशच्या तीन प्लेटा

हरेश कमळू मेंगाळ याने माझ्या शहापूरच्या घराची पुढची पडवी ८ नोव्हेंबर १९९३ रोजी, सोमवारी, भाड्याने घेतली. माझे यजमान जनावरांचे डॉक्टर होते. त्यांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि त्यांच्या औषधांची दोन कपाटं पडवीत रिकामी उभी होती. मी ती हलवणार होते. हरेश म्हणाला, "बाई, कपाटं ऱ्हाऊ द्या. मला खण पायजेत." आठवड्याभरात त्या खणांत रेडिओचे सुटे भाग आले, प्रत्येक खणावर कागदाची चिठ्ठी आली, आणि माझ्या दारावर रेडिओ-टेप दुरुस्तीची पाटी लागली.

तो मुरबाड तालुक्यातला, डोंगराच्या पायथ्याच्या एका लहान गावचा. घरी भात आणि वरईची शेती, वडील कमळू, आई हिराबाई. दहावी झाल्यावर त्याने कल्याणला एका दुकानात चार वर्षं हाताखाली काम केलं होतं. अंगाने बारीक, बोलणं कमी. बोटांची टोकं कायम पिवळट तपकिरी, तंबाखू न खाताही खाल्ल्यासारखी. ती का, हे मला पुढे कळलं.

रेडिओ दुरुस्त करणारे शहापुरात आणखी तिघे होते. काम सगळ्यांचं सारखंच. पण हरेशचं मन बिघडलेली वस्तू नीट करण्यात नव्हतं. त्याला नवी करायची असे. आणि नवी वस्तू करायची म्हणजे आधी तिची प्लेट करायची. प्लेट म्हणजे ती तळहाताएवढी पाटी, जिच्यावर सगळे भाग बसतात आणि जिच्या पाठीवरच्या तांब्याच्या रेघा वीज जिथे न्यायची तिथे नेतात. मोठ्या कारखान्यांत या प्लेटा यंत्रावर होतात. हरेश त्या माझ्या पडवीत करत असे, आणि त्यासाठी लागणारी एकही वस्तू त्याच्याकडे जशी हवी तशी नव्हती.

पहिल्या प्लेटा त्याने तांब्याशिवायच केल्या. सुतारांनी टाकून दिलेले सनमायकाचे तुकडे आणायचे, त्यांना भोकं पाडायची, भोकांत चांभाराकडून आणलेली, बुटाच्या नाडीसाठी असतात तसली पितळी कडी ठोकून बसवायची आणि मागून ती तारेने एकमेकांना जोडायची. अशा प्लेटेवर केलेला त्याचा रेडिओ दिसायला बुटासारखा होता, पण मुंबई केंद्र स्वच्छ लागत असे. पुढे भंगारवाल्याकडे तांबं चढवलेल्या पाटीच्या कापट्या मिळू लागल्या. मग भोकं पाडायला जुन्या टेपची मोटर आणि तिच्या टोकाला शिवणयंत्राची मोडकी सुई. तांबं खाणारं रसायन, ज्याला तो नुसतं 'फेरिक' म्हणे, ते श्रीखंडाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात. बोटं त्यानेच रंगलेली. डाग देण्यासाठी, म्हणजे कथील वितळवून सांधे जोडायला, किराणा दुकानातली राळ. आणि रेघांसाठी नेलपॉलिश. जिथे तांबं टिकवायचं तिथे नेलपॉलिशची रेघ ओढून पाटी डब्यात सोडायची. उघडं तांबं रसायन खाऊन टाकतं, रंगाखालचं तेवढं राहतं.

या नेलपॉलिशपायी त्याची बाजारात फार थट्टा होई. बांगड्यांचं दुकान अंबूबाईचं. एकदा मी तिथे सुया घेत होते आणि हरेश आला.

"लाल संपली रे. गुलाबी हाय," अंबूबाई म्हणाली. "परवाच तर बाटली नेलीस. तुझ्या बायकोला नखं हायत तरी किती?"

"जाड बगून दे. रंग कुठलाबी चालंल."

"रंग कुठलाबी! असा नवरा आमाला नाय मिळाला गो," ती मला म्हणाली. "बाई, लक्ष ठेवा. ही बाटली घरी जाते का दुसरीकडं, ते बगा."

"घरी नाय जात," हरेश सरळपणे म्हणाला, आणि दुकानातल्या सगळ्या बायका हसल्या.

त्याचं लग्न १९९५ च्या वैशाखात झालं. बायको माधुरी किन्हवलीकडची, चटपटीत आणि स्पष्ट बोलणारी. पडवीमागची खोली मी त्यांना दिली. ती मला म्हणाली, "बाई, माज्या नखाला यानं एक डाव नाय लावली. आन् त्या पाटीचे लाड बगा. तिला लावतो, पुसतो, धुतो." तेव्हा ती हे हसून म्हणाली होती.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे त्याची इंग्रजी मासिकं वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. कल्याणच्या रद्दीतून तो ती आणत असे. दुपारी तीन ते चार मी वाचायची आणि तो ऐकायचा. यंत्राचं मला काही कळत नसे. मी शब्द सांगायची, त्यातून तो अर्थ काढायचा, आणि कधीकधी तो मलाच समजावून सांगायचा. त्या पाच वर्षांत त्याने केलेल्या वस्तूंची माझ्याकडे नोंद आहे: सात रेडिओ, दोन अ‍ॅम्प्लिफायर, टाकी भरली की वाजणारी घंटी, वीज गेली की आपोआप लागणारे चार दिवे. यातल्या तीन वस्तू विकल्या गेल्या. बाकीच्या वस्तू लोकांनी पाहिल्या, वाखाणल्या आणि तयार वस्तू कल्याणहून आणल्या.

१९९८ च्या मे महिन्यात काळूराम पडवीत आला. शहापूर-मुरबाड रस्त्यावर त्याच्या कोंबड्यांच्या तीन शेड होत्या, आणि आसपासच्या तीसेक शेडवाल्यांना पिल्लं तोच पुरवत असे. मोठ्या देहाचा, मोठ्याने बोलणारा माणूस. आल्या आल्या माझ्या खुर्चीवर बसला.

"हे बग हरेश. बारक्या पिल्लांना बल्बाची ऊब लागते. पावसात लाइट गेली की पिल्लं गारठतात, एकावर एक चढतात आन् खालची गुदमरून मरतात. राखणीला सोमी हाय, पन मानूस झोपतो. मला झोपेतून उठवील असं कायतरी पायजे. शेड थंड व्हायला लागली की बोंब ठोकील असं."

"होईल," हरेश म्हणाला.

"होईल नको. झालेलं दाखव. तीन शेडला तीन लाव. श्रावणभर चालले तर बाकी सगळ्यांना मीच लावायला सांगीन. मग तू हितं बसून हेच कर, रेडिओ दे सोडून."

काळूराम गेल्यावर माधुरी बाहेर आली. तिच्या कडेवर दोन वर्षांची भूमिका होती. माधुरीच्या भावाने भिवंडीच्या एका गोदामात हरेशसाठी पहारेकऱ्याची जागा बघून ठेवली होती. दोन महिने ती त्यासाठी मागे लागली होती आणि हरेश उत्तर देत नव्हता.

"गनपतीपर्यंत," ती म्हणाली. "भाऊ गनपतीपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणलाय. तवर तुजं कोंबडीचं झालं तर झालं. नाय झालं तर भिवंडी. मग मी काय ऐकनार नाय."

"बरं," हरेश म्हणाला. त्याच्या आयुष्यातला हा एकच करार मी समोर उभं राहून ऐकला आहे.

जून महिनाभर त्याने दुसरं काम घेतलं नाही. प्रत्येक प्लेटेच्या रेघा त्याने तीन-तीनदा काढल्या. ऊब ओळखणारा एक मण्याएवढा भाग असतो, तो मुंबईहून आणला. वीज गेली तरी वाजावा म्हणून भोंगा बॅटरीवर ठेवला. गरम पाण्याच्या पातेल्यावर प्लेट धरायची, मग दूर न्यायची, की भोंगा वाजलाच पाहिजे. तिन्ही वाजल्या. भूमिका कानांवर हात ठेवून नाचली.

उरलं होतं फक्त पॉलिश. शेडमध्ये ओल फार, म्हणून प्लेटेवर लाखेचा हात द्यायचा होता. मासिकात तसं दिलं होतं. त्यासाठी लागणारं तयार वार्निश इकडे मिळत नव्हतं, म्हणून हरेशने सुताराकडचा चपडा, म्हणजे पापुद्र्यांची लाख, स्पिरिटमध्ये विरघळवला आणि ब्रशने तिन्ही प्लेटांना लावला. पण दिवस आषाढाचे. चार दिवस झाले तरी पॉलिश सुकेना. बोट लावलं की चिकटे, आणि वर पांढरट धुकं धरे. मी मासिक पुन्हा वाचून दाखवलं: ऊबदार आणि कोरड्या जागी दोन दिवस ठेवावे. आम्ही दोघांनी पडवीभर नजर फिरवली. भिंतींना पाणी सुटलं होतं. मग हरेश हसला.

"आमच्या घरी हाय तशी जागा."

त्यांच्या गावात प्रत्येक घरी चुलीच्या वर छपराला बांबूच्या कामट्यांची चौकट टांगलेली असते. पावसाळ्यात जे जे वाळवायचं ते तिथे जातं: ओली लाकडं, बियाणं, सुकी मासळी, घोंगडी. चूल दिवसभर पेटती असते. पुऱ्या गावात आषाढात कोरडी अशी ती एकच जागा. तिथे ठेवलेलं भाताचं बियाणं वर्षभर किडत नाही, हे मीही ऐकून होते. मी म्हणाले, "मग तिथेच ने." हे वाक्य माझं आहे.

गुरुवारी तो प्लेटा घेऊन गेला आणि रविवारी परत आला. हिराबाईने त्या स्वतःच्या हाताने चौकटीवर मांडल्या होत्या, मधूनमधून परतल्या होत्या आणि धूर चांगला लागावा म्हणून चुलीत ओली लाकडंही घातली होती. पॉलिश दगडासारखं कडक झालं होतं. रंग मधाचा होता तो काळपट झाला होता, पण हरेशला तो आवडला. "जुन्या लाकडावानी दिसतंय," तो म्हणाला. पुन्हा पातेल्यावर धरून पाहिलं. तिन्ही वाजल्या. २६ जुलैला त्याने त्या काळूरामच्या शेडमध्ये बसवल्या.

पहिला आठवडा बरा गेला. मग निरोप येऊ लागले. भोंगा दिवसा वाजतो. पिल्लं उबेत आहेत, बल्ब चालू आहे, तरी वाजतो. हरेश एसटीने जायचा, प्लेट काढून आणायचा, माझ्या पडवीत दिव्याजवळ ठेवून तपासायचा. इथे ती बरोबर चाले. परत नेऊन लावायचा, दोन दिवसांनी पुन्हा निरोप. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात तो नऊ वेळा गेला. एकदा सोमीच इकडे आली. पन्नाशीची, रापलेली, एकटी बाई, शेडशेजारच्या झोपडीत राहणारी.

"हरेश, तुजं ते यंत्र मला येडं करनार रे," ती म्हणाली. "सारकं कोकलतंय. जाऊन बगावं तर पिल्लं मजेत. काल चार डाव उठले. सेठ म्हनतो काढायचं नाय."

"काढू नको गो सोमीआत्या. श्रावण संपू दे. मी हुडकतो काय झालंय."

"तू हुडीक. पन माजा डोळा लागत नाय त्याचं काय?"

त्याला सापडत नव्हतं. एकेक भाग त्याने बदलला. मासिकं पुन्हा वाचून घेतली. तीन ते चारची वेळ आता सहापर्यंत जाऊ लागली. माधुरी आतून भांडी आपटायची. एका संध्याकाळी ती दारात येऊन मला म्हणाली, "बाई, तुमी याला वाचून दाखवायचं बंद करा." त्यात राग नव्हता, विनंती होती. मी दुसऱ्या दिवशीही वाचलं.

१७ ऑगस्टला सकाळी काळूरामचा माणूस आला. रात्री वारा-पावसात वीज गेली होती. पहिल्या शेडमधली सहाशे पिल्लं सकाळी कोपऱ्यात ढीग होऊन मेलेली सापडली. भोंगा वाजला नव्हता.

हरेश लगेच निघाला. तो दुपारी परतला तेव्हा अंगावरचे कपडे ओले होते आणि ते बदलायचं त्याला सुचत नव्हतं. पहिल्या शेडची प्लेट त्याने सोबत आणली होती. काय झालं ते त्याने मला तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. भोंग्याची तार कुणीतरी आदल्या रात्री तोडली होती आणि सकाळी घाईने हाताने पीळ देऊन पुन्हा जोडली होती. त्याने स्वतः तिथे डाग दिला होता, पीळ त्याचा नव्हता. तो तार बघत असताना सोमी दारात उभी होती. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. काळूराम मागून ओरडत होता, "वाजला का नाय? सांग ना, का नाय वाजला?"

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"प्लेट खराब झाली म्हनलो."

"हरेश, ती तार तिने तोडली होती."

"तिला ऱ्हायला दुसरी जागा नाय, बाई. आन् खोटं कोन बोलत व्हतं? माजाच भोंगा. पंधरा दिस फुकट कोकलला, म्हनून तिनं तोडली."

काळूरामने त्याच्याशी भांडण केलं नाही. मेलेल्या पिल्लांकडे हात करून एवढंच म्हणाला, "उरलेल्या दोन पन काढ, आन् परत येऊ नको."

पाऊस दिवसभर थांबला नाही. त्या दमट हवेत हरेशने प्लेट टेबलावर ठेवली आणि आजवर न केलेली एक गोष्ट केली. मीटरच्या दोन्ही सुया त्याने रेघांना न लावता रेघांच्या मधल्या जागेत, नुसत्या पॉलिशवर टेकवल्या. तिथे वीज जाता कामा नये. मीटरचा काटा हलला. त्याने दुसरीकडे टेकवल्या. तिथेही हलला. मग त्याने ब्लेडने पॉलिशचा एक तुकडा खरवडला, बोटावर घेऊन चोळला. बोट काळं झालं. त्याने ते नाकाशी नेलं आणि माझ्यापुढे धरलं. मलाही वास आला. धुराचा, आणि त्यामागे सुक्या मासळीचा.

त्याने बोट फडक्याला पुसलं. मग मला समजावून सांगितलं, जसा तो नेहमी सांगत असे. पॉलिश चिकट होतं, तेव्हा त्यात चुलीची काजळी बसली. काजळीतून थोडी थोडी वीज जाते. शेजारी खारवलेली मासळी होती, तिचं मीठ बसलं. हवा ओली झाली की मीठ पाणी धरतं, आणि वीज एका रेघेवरून दुसरीवर झिरपते. दिव्याजवळ कोरडं झालं की बंद. म्हणून इथे बरोबर, तिथे चूक.

"म्हणजे कारण सापडलं," मी म्हणाले. "मग पुन्हा कर. या वेळी दुसरीकडे वाळव."

"कुनासाटी?"

त्याने ब्लेड पुसून खणात ठेवलं. मग म्हणाला, "माज्या आयला यातलं काय सांगू नका."

२५ तारखेला गणपती बसले. माधुरीने त्याला एका शब्दानेही टोचलं नाही. तिने भांडी बांधली, भूमिकेचे कपडे बांधले. ती जिंकली होती असं मला एकदाही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. शेवटच्या दिवशी ती माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "बाई, मला वाटलं व्हतं यंदा होईल." मग मला कळलं की तिचीही तेवढीच आशा होती, फक्त तिने ती बोलून दाखवली नव्हती. ६ सप्टेंबरला त्यांचा टेम्पो भिवंडीकडे गेला. सुटे भाग हरेशने शहापुरातल्या त्या तीन रेडिओवाल्यांपैकी एकाला देऊन टाकले.

नोव्हेंबरात, भात झोडून झाल्यावर, हिराबाई माझ्याकडे आली. सोबत नव्या तांदळाची पिशवी. कधी नव्हे ती एसटीने एकटी आली होती. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. हरेशला पहाऱ्याला बसायला लागतं, त्याचे पाय सुजतात, पोर इंग्रजी शाळेत जायची म्हणते. मग उठता उठता विचारलं.

"बाई, त्या पाट्यांचं काय झालं व्हतं गो? तो काय बोलत नाय."

"सुटा भाग खराब निघाला," मी म्हणाले. "मुंबईहून आणलेला."

"मंग वाळवन तरी चांगलं झालं व्हतं ना? मी तीन दिस चूल विझू दिली नाय. घरच्यांचा स्वैपाक शेजारनीच्या चुलीवर केला, पाट्यांवर आमटीचं उडायला नको म्हनून."

"वाळवण चांगलं झालं होतं, हिराबाई."

"तेच म्हनते मी," ती म्हणाली, आणि समाधानाने पदर खोचला. मी तिला एसटीपर्यंत सोडलं.

त्यानंतर हरेश वर्षातून एकदा, शेतीच्या कामाला गावी जाताना, माझ्याकडे थांबत असे. अंग सुटलं होतं, केस लवकर पिकले होते. बोटांची टोकं आता सगळ्यांसारखी होती. आम्ही चहा घेत असू आणि भूमिकेच्या शाळेबद्दल बोलत असू. पडवी मी एका शिकवणीवाल्याला दिली होती.

२००३ च्या जूनमध्ये तो आला तेव्हा स्वतःहून म्हणाला, "बाई, आमच्या गोदामात आता परदेशातून माल येतो. बारके भोंगे. ऊब गेली की वाजनारे. एक खोकं फुटलं व्हतं, म्हनून उघडून बगितलं."

"कसं आहे?"

"प्लेट हिरवी. रेघा केसावानी बारीक, एकीला एक लागलेली नाय. वरून पॉलिश पान्यासारखं. कुठं डाग नाय, बुडबुडा नाय." हे सांगताना तो हाताने हवेत रेघा दाखवत होता. त्याचा आवाज जुन्या दिवसांसारखा झाला होता. "मस्त हाय, बाई. आपल्यानं असं कदी झालं नसतं. किती बी केलं असतं तरी."

"हजारो येतात का?"

"ट्रकच्या ट्रक. काळूराम सेठनं बी नेलेत म्हने."

मी विचारलं, सवड मिळते तेव्हा काही करतोस का. एखादा रेडिओ, एखादा दिवा.

"कशाला?" तो म्हणाला.

त्याने ते चिडून विचारलं नव्हतं. खरोखर विचारलं होतं, आणि माझ्याकडे बघत उत्तरासाठी थांबला होता. मी चांगलं उत्तर शोधू लागले. पाच वर्षं रोज दुपारी मी त्याला काही ना काही वाचून सांगितलं होतं, पण या प्रश्नाला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. त्याने कप खाली ठेवला, मुरबाडची गाडी साडेचारची आहे म्हणाला, आणि उठला.